बारा एकर देऊन दोन बैल

नव्या शर्तीची सरकारी जमीन विकायची तर कलेक्टरसाहेबांची परवानगी लागे, आणि परवानगी मागायची तर कारण लिहावं लागे. तालुक्याच्या गावी कडुनिंबाखाली सतरंजी टाकून बसणारे अर्ज लिहिणारे रुपचंदबापू यांच्याकडे अशी तीन कारणं कायम तयार असत: देणं, आजार आणि मुलीचं लग्न. माणूस समोर येऊन बसला की बापू त्याच्या तोंडाकडे एकदा बघत आणि तिन्हींतलं एक निवडत. रडवेला दिसला तर देणं, खोकला तर आजार, आणि धडधाकट असला तर मुलीचं लग्न. माणसानं स्वतः काही सांगायची गरजच पडत नसे. कोणी सांगू लागला तर बापू टाक खाली ठेवून म्हणत, "तू सांग, मी ऐकतो. मग मी लिहितो, तू ऐकू नको."

१९२८ सालच्या फाल्गुनात शिंदखेड्याकडच्या मालखेडे गावचा झुलाल त्यांच्यापुढे येऊन बसला. वय पंचेचाळीस, उंची दारात वाकावं लागेल इतकी, दात सगळे जागच्या जागी. बापूंनी बघितलं आणि लिहिलं, 'मुलीचे लग्नाकरिता जमीन विकणे भाग आहे.' झुलालनं अंगठा उठवला आणि अर्ज कपाळाला लावून कचेरीत दिला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याला मुलगीही नव्हती. मुलगाही नव्हता. घरात तो आणि बायको ताईबाई, अशी दोनच माणसं. सरकारनं तीन वर्षांपूर्वी दिलेली बारा एकर जमीन विकून त्याला दोन बैल घ्यायचे होते.

बैल म्हणजे कोणतेही बैल नव्हेत. गावच्या चुडामण आबा पाटलांचे तांब्या आणि पोवळ्या.

झुलाल सोळा वर्षं आबांचा सालदार होता. आखाजी ते आखाजी अशी ही चाकरी. अक्षय्यतृतीयेला साल ठरतं, वर्षभराची ज्वारी, एक घोंगडी, एक वहाणांचा जोड आणि वर काही रोख असं बोलणं होतं, आणि पुढच्या अक्षय्यतृतीयेपर्यंत माणूस मालकाचा. त्या दिवशी तो सुटतो. सुटलेला सालदार दिवसभर पत्ते खेळतो, कोणाचं ऐकत नाही, आणि संध्याकाळी बहुधा त्याच मालकाच्या ओट्यावर जाऊन बसतो. झुलाल सोळा वेळा सुटला आणि पंधरा वेळा जाऊन बसला.

आबांनी शिरपूरच्या बाजारातून दोन निमाडी गोऱ्हे आणले तेव्हा ते दोघे एवढेसे होते. अंग तांबूस, त्यावर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे ठिपके, आणि स्वभाव असा की गोठ्यात शिरलेल्या माणसाला भिंतीवर चढावं लागे. झुलालनं त्यांना हातात घेतलं. दोन महिने नुसतं जू मानेवर ठेवून गावाभोवती हिंडवलं. मग बाभळीचं खोड ओढायला लावलं. मग त्या खोडावर स्वतः बसला. चाबूक त्यानं कधी हातात घेतला नाही. त्याचं सगळं काम तोंडानं. आधी जिभेनं टाळूवर एक 'टक्' आणि मग "हाऽऽ तांब्याऽऽ" अशी हाक, जी मालखेड्यात सुरू होऊन शेजारच्या गावात संपायची. पहाटे ही हाक आली की गावातल्या बायका चूल पेटवायच्या. एकदा झुलालला घसा बसला आणि अर्धं गाव उशिरा जेवलं.

मग १९२५ साली सरकारला बिनजमिनीच्या माणसांची काळजी वाटू लागली. मालखेड्याच्या उत्तरेला नाल्यापलीकडं पड जमीन होती. ती तुकडे करून गावातल्या आठ कुटुंबांना द्यायचं ठरलं. तलाठ्यानं चावडीवर हुकूम वाचला. ज्याला दिली त्यानं स्वतः कसावी, दुसऱ्याला लावू नये, वाटून घेऊ नये, परवानगीशिवाय विकू नये. आठही जणांनी सगळ्याला मान हलवली. त्यांना 'घ्यावी' एवढंच ऐकू आलं होतं.

झुलालच्या वाट्याला बारा एकर आली. चावडीवरून उठला तोच एकजण म्हणाला, "या जमीनदार, बसा." दुसऱ्यानं त्याला बसायला आपला रुमाल झटकून दिला. झुलाल खरोखरच बसला. घरी येऊन त्यानं ताईबाईला सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "नांगरशात कसानी?"

झुलाल म्हणाला, "बैल शेत ना." इकडं 'शेत' म्हणजे 'आहेत', आणि शेताला 'वावर' म्हणतात.

"कोना बैल?"

इतकी वर्षं रोज ज्यांना 'मना बैल' म्हटलं ते आपले नाहीत, हे झुलालच्या ध्यानात यायला जमीन मिळावी लागली.

आखाजीला तो आबांच्या ओट्यावर गेला, पण बसला नाही. उभ्यानंच सांगितलं, औंदा साल धरत नाही. आबा माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांच्या वस्तूला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे, आणि त्यांच्या वस्तू पुष्कळ होत्या. ते म्हणाले, "बरं शे. तू सुटना. पन बैल नही सुटत, हाई ध्यानमा ठेव."

झुलालनं साक्रीच्या बाजारातून एक बैल आणला. एकच, कारण एकाचीच ऐपत होती. डोंगराकडचा, बुटका, काळा, उतारवयाचा आणि बहुतेक बहिरा. शेजारचा तुकडा लोटनला मिळाला होता. लोटनकडंही एकच बैल होता, उंच आणि हाडकुळा. दोघांनी सावड केली, म्हणजे दोघांचे बैल एका जुवाला जुंपायचे आणि एक दिवस याचं वावर नांगरायचं, एक दिवस त्याचं. गावोगाव असंच चालतं आणि चांगलं चालतं. फक्त बैल थोडेफार सारखे लागतात. इथं जू एका अंगाला इतकं उतरतं झालं की त्यावर ठेवलेला लोटा घरंगळून काळ्याच्या पाठीवर यावा. उंच बैल लांब पावलं टाकी, काळा तिथंच फिरे, आणि नांगराचं तास, म्हणजे मातीतली रेघ, सरळ निघून मध्येच वळून पुन्हा निघालेल्या ठिकाणी येई. लोटन म्हणे, "झुलालभाऊ, आपले पेराले जावानी गरज नही. एका जागावर उभा ऱ्हाईसन बी फेकं तरी बठ्ठा वावरमा जाई."

हेही निभलं असतं. पण झुलालच्या जमिनीच्या अलीकडं नाला, आणि नाल्याच्या अलीकडं आबांचं वावर. पहिल्याच दिवशी झुलालनं सवयीनं टाळूवर टक् केलं आणि काळ्याला हाक दिली. काळा हलला नाही. पण नाल्याच्या अलीकडं तांब्या-पोवळ्यानं कान उभे केले, नांगर तसाच आडवा ओढत बांधावर आणला आणि आवाजाकडं तोंड करून उभे राहिले. आबांचा नवा सालदार नांगराच्या मुठीला लोंबकळत मागं आला. त्यानं शिव्या दिल्या, चाबूक काढला. बैल तिथंच बसले. ते पुढं दोन तास उठले नाहीत.

आबा स्वतः बांधावर आले.

"झुलाल! हाका मारू नको!"

"आबा, मी मना बैलले हाक दी ऱ्हायनू."

"तुना बैल आयकत नही आनि मना आयकतस! मना नांगर बांधवर उना!"

"मंग मी काय करू?"

"मुकाट्यानी नांगर!"

आणि झुलाल मुकाट्यानं नांगरू लागला. ज्याच्या हाकेवर गावाची चूल पेटायची, तो माणूस आपल्या स्वतःच्या बारा एकरांत बैलाच्या कानाला तोंड लावून कुजबुजायचा. काळा बहिरा, म्हणून कुजबुज काय आणि आरोळी काय, त्याला सारखीच. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत. परगावचा एकजण म्हणाला, हा बहुतेक बैलाला मंत्र देतोय.

तीन वर्षं अशी गेली. झुलालच्या जमिनीत बाजरी आली, पण ती यायची म्हणून आली. ताईबाई कापूस वेचायला आबांच्याच वावरात जात राहिली. आबांकडचे सालदार मात्र एकही वर्ष पुरं करीनात. पहिला पोळ्याला पळाला, दुसरा संक्रांतीला. तिसरा पळाला नाही, कारण पोवळ्यानं त्याचा पाय मोडला होता. रोज संध्याकाळी झुलाल आबांच्या गोठ्यावरून जायचा. आत जायचा नाही. भिंतीपलीकडून एकदा टक् करायचा, आतून घंटा वाजल्या की पुढं निघायचा. हे आबांना माहीत होतं. टक् ऐकू येईपर्यंत ते जेवायला उठत नसत.

फाल्गुनात आबांनी झुलालला बोलावलं. ओट्यावर बसवलं, सुपारी दिली.

"निमाडना व्यापारी आखाजी व्हयनी का येस. जोडी त्याले दी टाकसू."

झुलालच्या हातातली सुपारी हातातच राहिली. "काब्र, आबा?"

"काब्र? बैल मना, दाना मना आनि आयकतस तुनं! तीन सालदार ग्यात मना." आबांनी आवाज उतरवला. "तू साल धर. वावर राहू दे पड. बैल तुना हातमा देस, पयले व्हतात तसा. नही तं इकस."

हे बोलणं वाजवी होतं. दुसरा कोणी असता तर त्यानं लगेच घोंगडी मागितली असती. पण तीन वर्षांत झुलालमध्ये एक बिघाड झाला होता. एकदा 'कोना बैल' हा प्रश्न ताईबाईनं विचारला होता, आणि त्याचं उत्तर पुन्हा 'आबाना' असं द्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"मी इकत लिसू जोडी," तो म्हणाला.

आबा हसले. "कसावर?"

"वावरवर."

आबांनी हसणं थांबवलं. ती जमीन त्यांना घेता येणार नव्हती. ज्याच्याकडं आधीच भरपूर आहे त्याला नव्या शर्तीची जमीन द्यायला सरकार राजी नव्हतं. पण लोटनला घेता येत होती. लोटनला चार मुलगे. दोघं धुळ्याला कापसाच्या कारखान्यात होते, दोघं घरी बसून भाकरी खात होते, आणि बारा एकर या घरी बसलेल्यांच्या अंगावर नीट बसली असती. झुलालनं त्याच संध्याकाळी लोटनला विचारलं. लोटननं दुसऱ्या दिवशी सकाळी हो म्हटलं. भाव दोघांनी जोडीच्या किमतीला धरूनच ठरवला, त्यामुळं घासाघीस झाली नाही.

ताईबाईनं हे सगळं ऐकून घेतलं. ती एवढंच म्हणाली, "पयले वावर व्हतं, बैल नही. आते बैल व्हतीन, वावर नही. दोन्ही एकदाच कवय व्हतीन ते देवले इचारा." आणि ती पाण्याला गेली.

अर्ज गेला. चौकशीला मामलेदारसाहेब चैत्रात स्वतः मालखेड्याला आले. चावडीवर खुर्ची-टेबल मांडलं. माणूस नवा, तिकडं पुण्याकडचा, नाकावर चष्मा आणि कपाळावर आठी. त्यानं अर्ज उघडला.

"झुलाल, मुलीचं लग्न कुठं ठरलं?"

"कोनी आंडेर, रावसाहेब?"

"तुझी. मुलगी."

"माले आंडेर नही."

साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला. "मग लग्न कोणाचं आहे?"

झुलालनं लोटनकडं पाहिलं. लोटनला वाटलं व्यवहार मोडतोय. तो हात जोडून पुढं झाला. "रावसाहेब, आते नही, पन व्हई जाई कवय तरी."

खांबाआडून ताईबाईचा आवाज आला, "मी चाळीसनी व्हयनू, लोटनभाऊ! तुम्हीच येवो पाळना बांधाले!"

चावडी हसली. साहेबांनी टेबलावर हात आपटला. "खरं कारण सांग. देणं आहे?"

"माले कोन देस?"

"आजार?"

झुलालनं छाती दाखवली.

"मग जमीन कशासाठी विकतोस?"

"बैल लेवाले."

"बैल कशाला?"

"नांगराले."

"काय नांगरणार?"

"वावर."

"कोणाचं वावर?"

झुलालनं थोडा विचार केला. "लोटनभाऊनं."

"ते आज तुझंच आहे ना?"

"हा."

"म्हणजे तू तुझी जमीन विकणार, त्या पैशांचे बैल घेणार, आणि त्या बैलांनी तीच जमीन नांगरणार. दुसऱ्याची म्हणून."

झुलालचा चेहरा उजळला. "हा रावसाहेब! बराबर समजनं तुमले. हाई गावमा कोनले समजत नव्हतं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, बैल नाहीत तर सरकारकडून तगाईचं कर्ज मिळतं, अर्ज कर, दिवाळीपर्यंत होऊन जाईल. झुलाल म्हणाला, दिवाळीला बैल मिळतील, पण हे बैल नाही मिळणार, हे आखाजीला निमाडात जातील. साहेब म्हणाले, बैलासारखा बैल. यावर चावडीतले सगळेच शेतकरी खाली बघू लागले. थोर माणूस भलतंच काही बोलला की असं खाली बघायचं असतं.

शेवटी साहेब जमीन बघायला निघाले. मागं सगळं गाव. वावरात पोचल्यावर त्यांनी जुनी तासं पाहिली. तीन वर्षांची नांगरट एकमेकींत गुंतून पडली होती. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. तलाठ्यानं सांगितलं की ही नांगरणी आहे. साहेब म्हणाले, नांगरून दाखव.

काळा आणि लोटनचा उंच बैल जुंपले गेले. झुलाल काळ्याच्या कानाशी वाकला.

"त्याच्याशी काय बोलतोयस?"

"हाक दी ऱ्हायनू, रावसाहेब."

"ही हाक? मोठ्यानं दे."

"मोठ्यानी नही देता येत. आबांनी मनाई करेल शे."

"तुझ्या जमिनीत?" साहेबांचा आवाज चढला. सरकारनं दिलेल्या जमिनीत सरकारच्या शेतकऱ्यानं कुजबुजावं हे त्यांना मानवेना. "मी सांगतो, मोठ्यानं दे!"

सरकारी हुकूमच झाला. झुलालनं पाय रोवले, टाळूवर टक् केलं, आणि तीन वर्षं छातीत साठलेली हाक सोडून दिली. "हाऽऽ तांब्याऽऽ! हाऽऽ पोवळ्याऽऽ!" लोटननं कानावर हात ठेवले. साहेबांची टोपी हलली, असं पुढं लोक सांगत, पण ती वाऱ्यानं हलली असावी.

काळा जागचा हलला नाही.

नाल्याच्या अलीकडं मात्र आबांच्या वावरात वखर चालला होता. तो थांबला. तांब्या-पोवळ्यानं तोंड वळवलं आणि वखरासकट निघाले. बांध ओलांडला, कोरड्या नाल्यात उतरले, चढ चढले. मागं वखराला धरून चौथा सालदार "थांबा, थांबा" म्हणत येत होता. नाल्याच्या मध्यावर त्यानं वखर सोडून दिला आणि वाळूत बसला. बैल साहेबांच्या समोरून गेले, झुलालच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर श्वास सोडले. थोड्या वेळानं आबाही येऊन पोचले. धाप लागलेली. आबांना बोलायचं होतं, पण समोर मामलेदार होता.

मामलेदारांनी तिथंच, तलाठ्याच्या पाठीवर कागद ठेवून, शेरा लिहिला: 'अर्जदार याजकडे जमीन आहे, परंतु बैल नाहीत. सदरहू बैल दुसऱ्याचे आहेत, परंतु ते अर्जदाराचेच ऐकतात, असे समक्ष पाहणीत आढळले. मुलीचे लग्नाचा मजकूर रद्द समजावा. परवानगी देण्यास हरकत दिसत नाही.'

सही करून ते निघणार तोच ताईबाई पुढं झाली. पदर डोक्यावर ओढलेला, नजर खाली, आवाज मात्र सरळ. "रावसाहेब, यासले एक इचारा. वावर इकी टाकं, तं बैल खातीन काय?"

साहेबांनी झुलालकडं पाहिलं. झुलालनं बैलांकडं पाहिलं. सगळ्या गावानं झुलालकडं पाहिलं. कडबा वावरात होतो, आणि वावर तर आता लोटनचं होणार होतं. हे एवढं मोठं तिथं इतका वेळ सगळ्यांच्या समोर उभं होतं आणि बाईशिवाय कोणाला दिसलं नव्हतं.

"लोटनभाऊ," ताईबाई म्हणाली, "दाना तुमना, कडबा आमना. तुमनं वावर हाई जोडी नांगरी. बोला, रावसाहेबसना समोर बोला."

"अर्धा कडबा," लोटन म्हणाला.

"तं अर्धं वावर नांगरतीन."

लोटननं आपल्या उंच बैलाकडं पाहिलं, काळ्याकडं पाहिलं, गुंतलेल्या तासांकडं पाहिलं. "बठ्ठा कडबा," तो म्हणाला.

ताईबाईला हे कागदावर हवं होतं. मामलेदार म्हणाले, कडबा त्यांच्या कागदात बसत नाही.

धुळ्याहून कलेक्टरसाहेबांची परवानगी आखाजीच्या आधी तीन दिवस आली. कागद झाले. आखाजीला सकाळी झुलाल नवं दावं विकत घेऊन आबांच्या दारी गेला, कारण बैल विकणारा आपलं दावं देत नाही. आबांनी बैलांच्या कपाळाला कुंकू लावलं, जुनं दावं सोडून खुंटीला अडकवलं आणि आत निघून गेले.

पुढं आठ वर्षं झुलालनं त्या जोडीवर पोट भरलं. खरिपाआधी लोटनचं वावर, मग ज्याला हवं त्याचं, आणि दिवाळीनंतर दोंडाईच्याला कापसाच्या गाड्या. लोटननं कडब्याचा शब्द पाळला, एक वर्ष सोडून. त्या वर्षी कडबाच झाला नव्हता. सरकारच्या दप्तरात झुलाल पुन्हा बिनजमिनीचा झाला, आणि दिलेली जमीन हे लोक का विकतात यावर धुळ्याला एका साहेबानं लांबलचक टिपण लिहिलं. त्यात देणं, आजार आणि लग्न ही तीनच कारणं होती. चौथं कारण तलाठ्याच्या पाठीवर लिहिलेलं असल्यामुळं अक्षर लागलं नसेल.

हे सगळं सरळ चाललं. सरळ चाललं नाही ते पहिल्या आखाजीचं.

त्या दिवशी गावात लेकी आलेल्या. खानदेशात आखाजीला सासरहून लेक माहेरी आली नाही तर माहेरच्या माणसाला तोंड दाखवायची चोरी. झाडाझाडाला झोके होते, आणि सुटलेले सालदार पत्ते कुटत होते. झुलालनं सकाळपासून बैल आपल्या झोपडीपुढं बांधले होते. पुढ्यात होता नव्हता तो कडबा टाकला होता. नव्या कडब्याला अजून सात महिने होते. संध्याकाळी त्यानं बैलांना पाण्यावर नेलं आणि परत येताना तो ऐटीत पुढं चालू लागला. मालक म्हणून गावातून जायची ही पहिलीच वेळ.

चावडीपाशी वाट फुटते. डावीकडं आबांचा वाडा, उजवीकडं झुलालची वस्ती. झुलाल उजवीकडं वळला. थोड्या वेळानं त्याला वाटलं की मागं घंटा वाजत नाहीत. वळून पाहिलं तर वाट रिकामी.

त्यानं टक् केलं. हाक दिली. पाच-सहा बायकांनी चुली पेटवल्या. बैल आले नाहीत. आठ वर्षांच्या बैलांना रात्री कुठं राहायचं ते पाठ होतं, आणि त्याबद्दल त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

झुलाल आबांच्या गोठ्यापाशी पोचला तेव्हा तांब्या-पोवळ्या आपापल्या जागी उभे राहून आबांचा कडबा खात होते. आबा ओट्यावर बसले होते.

"झुलाल, तुना बैल मना कडबा खाई ऱ्हायनात."

"लई जास, आबा."

"लई जाय."

झुलालनं दावं धरलं, ओढलं. पोवळ्यानं तोंडातली पेंढी सोडली नाही. झुलालनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. पोवळ्यानं कान हलवला आणि चघळत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच बैलानं झुलालचं ऐकलं नाही, आणि तेही आबांच्या समोर. आबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. तीन वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

"फुकट नही हं मना कडबा," आबा म्हणाले.

ताईबाई नवऱ्याला शोधत तिथं येऊन पोचली होती. तिनं गोठ्यात पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि पदर सावरून ओट्याच्या खाली उभी राहिली.

"आबा, आज काय शे?"

"आखाजी."

"तुमन्या आंडेरी उन्यात का माहेरले?"

"उन्यात. घरमा शेत दोन्ही."

"त्या खातस त्याना पैसा मांगतस का तुम्ही त्यासना सासराले?"

आबांनी आत घराकडं पाहिलं.

"तसाच ह्या दोन जीव शेत. लहानथाइन तुमना दारमा वाढनात. माहेरले उनात. आठ दिन ऱ्हातीन, मंग आम्ही मुराळी धाडीसन लई जासूत."

"आठ दिन?" आबा म्हणाले. "लेकी चार दिनमा जातस."

"त्यासले सासरले काम ऱ्हास. यासले आजून नही."

आबांनी सालदाराला हाक मारली आणि आणखी दोन पेंढ्या टाकायला सांगितलं. हा सालदार दुपारीच साल ठरवून आलेला, पाचवा. त्यानं जनावरांना कडबा टाकला, पोवळ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मालकाला विचारलं, "आबा, उद्या हाईच जोडी जुपू का?"

"नको," आबा म्हणाले, "त्या पाहुना शेत."